कमी पैशात, कमी आवाजाचा घरचा कॉम्प्युटर: पार्ट कुठले घ्यावेत?

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, नमस्कार. एरवी वाचनमात्र असतो, आज अडलंय म्हणून लिहितोय.

वडिलांकडे (वय ७४, निवृत्त शिक्षक) अडीचशेच्या आसपास कॅसेट आहेत. गावातली कीर्तनं, आकाशवाणीवरून टेप केलेली नाट्यपदं, आजीच्या जात्यावरच्या ओव्या. त्या एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवायचं त्यांनी मनावर घेतलंय. शिवाय प्रत्येक कॅसेटच्या आधी माइकवर स्वतः दोन मिनिटं माहिती सांगायची: कुठल्या साली टेप केली, कोण गातंय, मागे कोण खोकतंय. नातवंडं परदेशात आहेत, त्यांच्यासाठी.

घरचा कॉम्प्युटर २०१४ चा. चौथ्या पिढीचा आय५, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. चालू केला की खोलीत पिठाची गिरणी सुरू होते. बाबा बोलतात त्यामागे आणि कॅसेट उतरवतो त्यामागेही सतत घूंऽऽ. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि हे मशीन विंडोज ११ ला चालत नाही.

मॉनिटर, कीबोर्ड, माउस आहे. बजेट ३५ हजार, ओढूनताणून ३६. गेम कोणी खेळत नाही. ऑडॅसिटी (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), यूट्यूब, व्हिडिओ कॉल, बँक, मराठी टायपिंग, बस. अट एकच, आवाज नको.

दुकानदाराचं कोटेशन: आय३-१२१००एफ, सोबत एक वापरलेलं ग्राफिक कार्ड "तुमच्यासाठी स्वस्तात", ८ जीबी रॅमची एक पट्टी, पुढून काच आणि तीन रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट "एसएमपीएससकट" (म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा आतच). एकूण ३३ हजार. घेऊ का?

टवाळ_टाळकरी

लॅपटॉप घ्या आणि मोकळे व्हा. धागा संपला. :)

लॅमिंग्टनकर

कृष्णाकाठ, पैसे दिले नसतील तर देऊ नका. ग्रँट रोडला अकरा वर्षं मशीन जोडली आहेत, असलं कोटेशन वासावरून ओळखतो.

१२१०० च्या पुढे जो "एफ" आहे ना, तिथेच मेख आहे. एफ म्हणजे प्रोसेसरच्या आतला ग्राफिक्सचा भाग बंद. वेगळं कार्ड घातल्याशिवाय मॉनिटरवर काही दिसणारच नाही. म्हणून ते जुनं कार्ड तुमच्या गळ्यात घालतायत. एफ थोडा स्वस्त पडतो, पण कार्डाच्या निमित्ताने तुम्ही आणखी एक छोटा, वळवळणारा पंखा विकत घेताय, जो आधीच कुणाच्या तरी घरी तीन वर्षं धूळ खाऊन आलाय. साधा आय३-१२१०० घ्या, एफ नसलेला. ४ कोर, ८ थ्रेड, आत यूएचडी ७३० ग्राफिक्स. तुमच्या कामाला हे चिक्कार झालं.

"एसएमपीएससकट" कॅबिनेट घेऊ नका. त्या डब्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं, वजन हातात घेऊन बघा. रिकाम्या बिस्किटाच्या पुड्यासारखा लागतो. मशीन जळालं तर बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच झालेली असते.

आवाज_बंद

लॅमिंग्टनकरांना +१.

खरेदीच्या आधी एक काम करा, फुकट आहे. कालनिर्णयचं जुनं पान घ्या, त्याची सुरळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक चालू मशीनच्या एकेका भागाजवळ न्या. डॉक्टर छाती तपासतात तसं. मागे एसएमपीएसपाशी, मग प्रोसेसरच्या पंख्यापाशी, मग हार्डडिस्कच्या कप्प्यापाशी. (सुरळी पात्यात घालू नका, एकाने घातली होती. तो एक मीच.) कुठला आवाज कुणाचा हे ऐकल्याशिवाय लोक पंखे बदलत बसतात आणि गुरगुर असते हार्डडिस्कची.

७२०० आरपीएमची हार्डडिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेरे. त्या १२० हर्ट्झच्या थरथरीने पत्र्याचं कॅबिनेट हलतं, कॅबिनेटने टेबल हलतं आणि टेबल झालं की तबल्याची शाई. डिस्क काढून स्पंजवर ठेवली तर अर्धा आवाज जातो. तुम्ही तर एसएसडीच (फिरता भाग नसलेली डिस्क) घेणार, म्हणजे तो प्रश्न मुळातच संपला.

म्हाळसाकोरे_ते_मिलान

आय३ कशाला? त्याच पैशात रायझन ५ ५६००जी येतो. ६ कोर, १२ थ्रेड, ग्राफिक्स यूएचडी ७३० पेक्षा कितीतरी वरचढ, ६५ वॅट, बायोसमधून (मशीनच्या मूळ सेटिंगमधून) ४५ वर आणता येतो. डोळे मिटून घ्या.

लॅमिंग्टनकर

वाईट नाही, मीही पुष्कळ विकले. पण ग्राफिक्स वरचढ ते गेम खेळणाऱ्याला, आणि त्यालाही दोन पट्ट्या रॅम लावली तरच. एका पट्टीवर तो लंगडतो. काका नाट्यपदं ऐकणार आहेत.

आवाज_बंद

आणखी एक मुद्दा. यूट्यूब हल्ली पुष्कळ व्हिडिओ एव्ही१ या प्रकारात पाठवतं. १२१०० च्या ग्राफिक्समध्ये एव्ही१ उलगडायला वेगळी सोय आहे, ५६००जी च्या व्हेगा ग्राफिक्समध्ये नाही. तिथे ते काम प्रोसेसरच्या कोरनाच करावं लागतं. जमतं, पण कोर राबले की तापणार, तापले की पंखा वाढणार. कीर्तन बघताना पंख्याने साथ धरलेली कुणाला हवीय?

कमी आवाजाचं मशीन "सायलेंट" असं छापलेले पार्ट आणून होत नाही. आधी उष्णता कमी होईल असं बघायचं, मग ती बाहेर न्यायला मोठा आणि मंद पंखा ठेवायचा. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरला की कानाला निम्मा वाटतो. उलट, त्याच आवाजाचा आणखी एक पंखा जोडला तर वाढ फक्त ३ डेसिबलची. म्हणजे १४०० वर किंचाळणाऱ्या एका पंख्यापेक्षा ७०० वर फिरणारे दोन केव्हाही बरे.

प्रोसेसरच्या खोक्यात जो पंखा मिळतो तो कामचलाऊ आहे, लहान आहे, म्हणून त्याला जोरात फिरावं लागतं. दोन-अडीच हजारांत १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर मिळतो. ३५ हजारांतले आवाजासाठी खर्च केलेले सगळ्यात सत्कारणी लागणारे पैसे हेच. नॉक्टुआचे पंखे उत्तम, पण एका पंख्याच्या किमतीत तुमचा कूलर येतो. आणि रंग चहात बुडवलेल्या मारी बिस्किटाचा.

सुमेधा_नागपूर

इथे सगळे पुण्या-मुंबईच्या हवेत बसून सल्ले देतायत. :) आमच्याकडे मे महिन्यात खोलीतच ३८-४० असतं, कूलर (पाण्याचा!) चालू केला तर दमट हवा. खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही ढोबळमानाने तेवढाच वर जातो. जानेवारीत ५५ वर असणारा मे महिन्यात ७० वर. त्यात काही बिघडत नाही, १२१०० ची मर्यादा १०० आहे. पण जानेवारीत लावलेली पंख्याची सेटिंग मे महिन्यात बोंबलते. सांगलीही काही महाबळेश्वर नाही, म्हणून कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या. पुढे काच असलेल्या कॅबिनेटमध्ये हवा कडेच्या फटीतून येते. नाक दाबून पळायला लावल्यासारखं.

आणि घरातला छताचा पंखा कॉम्प्युटरपेक्षा मोठ्याने फिरतो हे कुणी बोलतच नाहीये. रेकॉर्डिंग करताना तो बंद करणार आहात का?

कृष्णाकाठ

इतक्या प्रतिसादांबद्दल मनापासून धन्यवाद.

सुमेधाताई, छताचा पंखा बंदच करतो. बाबा घाम पुसत पुसत सांगतात.

कालनिर्णयचा प्रयोग केला. सप्टेंबरचं पान. एसएमपीएसचा आवाज सर्वांत मोठा, त्याखालोखाल हार्डडिस्क. प्रोसेसरचा पंखा त्या मानाने गरीब. बाबांनाही ऐकायचं होतं, दोघं आलटून पालटून ऐकत बसलो. आई म्हणाली, दोघांना एकाच वेळी लागलं का?

फ्यूज_उडाला

जरा उशिरा आलो. वायरिंगच्या धंद्यात तीस वर्षं काढली, कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही. पण मूळ धाग्यात एक गोष्ट खटकली. बाबा माइकवर बोलतात त्यामागे घूं येतं, ते पंख्याचं असू शकतं. कॅसेट उतरवताना तुम्ही वायर जोडता ना, टेपमधून थेट कॉम्प्युटरमध्ये? मग तिथे खोलीतला आवाज शिरेल कुठून? वायरला कान नसतात.

तीन प्रश्न. १) टेप पॉजवर ठेवून रेकॉर्ड केलं तरी घूं येतं का? २) अनवाणी पायाने कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला बोट लावलं तर झिणझिण्या येतात का? ३) घर किती जुनं?

कृष्णाकाठ

१) येतं! २) येतात. बाबा तर नेहमी म्हणतात, "हा चावतो." आम्ही हसण्यावारी नेत होतो. ३) आजोबांनी १९६८ ला बांधलेलं, माडीवरचं वायरिंग नंतर कधीतरी ओढलेलं.

फ्यूज_उडाला

तेच. माडीवरच्या तीन पिनच्या सॉकेटला तिसरं भोक आहे, पण त्यामागे वायर नाही.

एसएमपीएसमध्ये दोन्ही तारांपासून बॉडीला जोडलेले बारके कपॅसिटर असतात, गोंगाट गाळायला. अर्थिंग असेल तर त्यातली किंचित गळती जमिनीत जाते. नसेल तर बॉडी २३० च्या साधारण निम्म्यावर तरंगत राहते. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण हीच ५० सायकलची भुणभुण टेपच्या वायरीतून रेकॉर्डिंगमध्ये घुसते. तुम्ही एक लाखाचा कॉम्प्युटर आणलात तरी घूं तिथेच राहील.

शेजाऱ्याचा लॅपटॉप आणा, चार्जर काढून बॅटरीवर चालवा, तीच कॅसेट तीच वायर. फरक कळेल.

आणि कळकळीने सांगतो, इलेक्ट्रिशियन बोलावलात तर तो खरी अर्थिंगची वायर खाली खड्ड्यापर्यंत नेतोय हे डोळ्यांनी बघा. न्यूट्रलच तिसऱ्या पिनला जोडून "झालं साहेब" म्हणणारे महाभाग आहेत. झिणझिण्या थांबतात, सगळे खूश. पण ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी तुमच्या कॅबिनेटवर अख्खे २३० येतील. वडील अनवाणी असतात, विसरू नका.

टवाळ_टाळकरी

दंडवत, काका. इथे आम्ही डेसिबल मोजत बसलो होतो. वाचनखूण साठवली आहे.

(आणि माझा लॅपटॉपचा सल्ला शेवटी कामाला आला याची नोंद घ्यावी.)

कृष्णाकाठ

फ्यूज_उडाला काका, तुमच्या पाया पडतो. लॅपटॉप बॅटरीवर लावला, घूं गायब. आजीची ओवी ऐकू आली, मागे जात्याची घरघर. ती घरघर कॉम्प्युटरची नाही हे बाबांना पटवायला पाच मिनिटं लागली.

चार्जर लावल्याबरोबर घूं परत. उद्या इलेक्ट्रिशियन येतोय.

म्हणजे आता कॉम्प्युटर फक्त माइकपुरता शांत हवा. पुन्हा पार्टांकडे येऊ या का? रॅमचे भाव विचारले, बसलोच खाली.

लॅमिंग्टनकर

रॅमचं काही विचारू नका. २०२५ च्या शेवटापासून चढत चाललीय. मेमरीचे कारखाने एआयच्या डेटासेंटरना लागणारा माल काढण्यात गुंतलेत, आपल्यासारख्यांच्या पट्ट्या उरल्यासुरल्या. पूर्वी गिऱ्हाइकाला "१६ च घ्या" म्हणून आग्रह करायचो, आता जीभ रेटत नाही.

१२१०० डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन्ही पिढ्यांवर चालतो, पण बोर्ड दोन वेगवेगळे येतात आणि एकीची पट्टी दुसऱ्यात बसत नाही, खाच निराळ्या जागी असते. तुम्ही एच६१० चा डीडीआर४ वाला बोर्ड घ्या, म्हणजे वापरलेली रॅम शोधता येईल. रॅम ही जुनी घ्यायला सगळ्यात कमी धोक्याची वस्तू. झिजत नाही. घरी आणून एक रात्र मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवायची, एकही चूक निघाली तर परत. तुमच्या २०१४ च्या मशीनमधली डीडीआर३ असणार, ती उपयोगाची नाही.

जुनी घेऊ नये अशी वस्तू म्हणजे एसएमपीएस. आणि एसएसडी, तिच्यावर किती लिहिलं गेलंय ते तपासता येत नसेल तर.

बाणेरचा_बोका

एक आडवाट सुचवू? मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले लिटरभर आकाराचे छोटे डबे मिळतात. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी. आठव्या पिढीचा आय५-८५००टी असलेला बघा, ६ कोर, ३५ वॅट. विंडोज ११ आठव्या पिढीपासून पुढे चालतं, म्हणजे त्यातही बसतो. रॅम आणि एसएसडी आतच असते, त्यामुळे आजच्या भावात हिशेब फारच बरा बसतो. माझ्याकडे तीन वर्षं टीव्हीमागे चिकटवलेला आहे, चालू आहे की बंद हे दिवा बघून कळतं.

ट्रिक अशी की आतला पंखा उघडून साफ करायचा आणि प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी, वाळलेली पेस्ट बदलायची. हे न करता "आवाज करतो" म्हणून नावं ठेवायची नाहीत.

आवाज_बंद

बोकोबांचा सल्ला मला स्वतःला पटतो, आणि पैशाचंच बघायचं तर याहून स्वस्त आणि शांत काही नाही. फक्त दोन गोष्टी. पंखा लहान असल्यामुळे खरंच काम पडलं की चिरका आवाज येतो, आणि पुढेमागे काही बिघडलं तर त्या कंपनीचाच पार्ट शोधावा लागतो. एन१०० वाल्या मिनी पीसीचंही थोडंफार तसंच. ६ वॅटचा प्रोसेसर, बिनपंख्याचेही मिळतात, पण रॅमचा एकच चॅनल आणि वीस टॅब उघडले की धाप लागते.

मालवणी_माशा

किनाऱ्यार ऱ्हवणाऱ्यांक एक सांगतंय, जाळीचा कॅबिनेट घेतलास तर फिल्टर धुवत ऱ्हवा. खारो वारो पत्र्याक सोडणा नाय. आमच्या मशीनचे स्क्रू गंजान गेले. सांगलीक भीती नाय.

कृष्णाकाठ

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "दुसऱ्याचं वापरलेलं नको, आणि आतलं काय आहे ते मला कळलं पाहिजे." म्हणजे आपण जोडायचा हे ठरलं. रॅम वापरलेली घेतलीय ते त्यांना सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका.

लॅमिंग्टनकर

मग एसएमपीएस ४५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ, चांगल्या नावाचा. मशीन रिकामं असताना वीस-तीस वॅट आणि भर कामातही शंभरच्या आसपास ओढेल. म्हणजे त्याला घाम फुटणार नाही. ६५०, ७५० च्या नादी लागू नका. "पुढे ग्राफिक कार्ड टाकलं तर" असं दुकानदार म्हणेल, त्याला सांगा पुढचं पुढे.

आवाज_बंद

हो, पण ब्रॉन्झ-गोल्ड यावरून आवाज ठरवू नका. ती परीक्षा वीज किती वाया जाते याची आहे, पंख्याची नाही. गोल्ड असून किरकिरणारे डबे बघितलेत. आत १२० मिमीचा पंखा आहे ना, आणि लोक काय म्हणतायत, एवढं बघायचं.

बोर्ड घेताना पंख्याच्या पिना मोजा. प्रोसेसरची चार पिनची असतेच, कॅबिनेटच्या पंख्यासाठीही किमान एक हवी. त्या रंगीत पंख्यांच्या कॅबिनेटमध्ये पुष्कळदा पंखे थेट एसएमपीएसच्या मोठ्या चार पिनी कनेक्टरला जोडलेले असतात. १२ व्होल्ट, कायम पूर्ण वेग. बायोसमध्ये कितीही डोकं आपटा, ते ऐकत नाहीत. असूसच्या बोर्डावर क्यू-फॅन, गिगाबाइटवर स्मार्ट फॅन नावाचं पान असतं. तिथे ६० अंशांपर्यंत पंखा एकाच मंद वेगावर सरळ रेषेत ठेवा, मग हळू चढवा. एकसारखा बारीक आवाज कान विसरून जातो. दर दहा सेकंदांनी वर-खाली होणारा मात्र घोरणाऱ्या माणसासारखा छळतो. वेग बदलायला किती सेकंद थांबायचं हेही तिथे ठरवता येतं, ते वाढवा.

आणि १२१०० थोड्या वेळासाठी ८९ वॅटपर्यंत उडी मारतो. बोर्ड परवानगी देत असेल तर तीही ६० वर बांधा. ऑडॅसिटीला काहीएक फरक पडणार नाही.

म्हाळसाकोरे_ते_मिलान

मी अजूनही ५६००जी म्हणतोय. नोंद असू द्या.

टवाळ_टाळकरी

नोंद घेतली. पुढील सभेत वाचून कायम करण्यात येईल.

कृष्णाकाठ

धागा वर काढतोय. महिना झाला, मशीन उभं राहिलं.

त्या दुकानदाराकडे गेलो, म्हटलं एफ नको. तो म्हणाला, "साहेब, इंटरनेटवर वाचून आलात का?" दुसरीकडून घेतलं. प्रोसेसर साडेदहा, बोर्ड साडेसहा, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी साडेचार, एसएमपीएस ३,३००, जाळीचं कॅबिनेट ३,२००, टॉवर कूलर २,०००. मित्राने त्याचं मशीन बदललं, त्याच्याकडून ८-८ च्या दोन पट्ट्या साडेचार हजारांना. साडेचौतीस झाले. अर्थिंगचे वेगळे. खड्डा खणताना मी समोर खुर्ची टाकून बसलो होतो.

जोडणी रविवारी जेवणाच्या टेबलावर. बाबा बॅटरी धरून, मी स्क्रू ड्रायव्हर. पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब पुस्तकी, पण कूलरच्या मागची पट्टी बसवायला तास गेला. चालू केलं, पहिल्याच झटक्यात बायोस दिसला. बाबांनी टाळी वाजवली.

पण गंमत पुढेच. काहीही काम नसताना प्रोसेसर ६८ वर, पंखा चढलेला. मी हवालदिल, पेस्ट पुन्हा लावायच्या तयारीत. बाबा उठले, देवघरातून उदबत्ती पेटवून आणली आणि कॅबिनेटच्या पुढच्या जाळीसमोर धरली. धूर आत जायला हवा, तो त्यांच्या तोंडावर येत होता. पुढचा पंखा मी उलटा बसवलेला! मागचाही बाहेर फेकतोय, पुढचाही बाहेर फेकतोय, कूलर बिचारा उपाशी. पंख्याच्या चौकटीवर बारीकसा बाण असतो म्हणे, मला दिसला तो नंतर. पंखा फिरवून लावला, आता रिकाम्या वेळी ४० च्या आत.

कालनिर्णयची सुरळी लावली तर पंख्यांचा हलका वाऱ्यासारखा आवाज येतो. सुरळी काढली की काही नाही.

लॅमिंग्टनकर

उदबत्ती! अकरा वर्षांत हे सुचलं नाही. आम्ही टिश्यू पेपर धरायचो.

सुमेधा_नागपूर

काकांना नमस्कार सांगा. ४० बद्दल मे महिन्यात बोलू.

फ्यूज_उडाला

पत्र्याला बोट लावलंत का?

कृष्णाकाठ

लावलं. काही नाही. बाबांनी तर तळहात ठेवून बघितला, म्हणाले "माणसाळला."

आता एक नवीनच निघालंय. कॉम्प्युटर गप्प झाल्यापासून टेपरेकॉर्डरच्या मोटरची कुरकुर ऐकू यायला लागली, आणि पदं मधूनच सूर सोडून खाली घसरतात. बाबा म्हणतात गायक तेव्हा असाच गायचा. मला तसं वाटत नाही.

फ्यूज_उडाला

गायकाला नावं ठेवू नका. आतला रबरी पट्टा सैल झालाय. झाकण उघडून पट्ट्याचा फोटो काढा, आडवी लांबी मोजा आणि त्याला नवीन धागा काढा. हा फार लांबला.